झटपट तिखट टोमॅटो सॉस आणि एक न लिहिलेली नोंद
(मंडळाच्या महिला शाखेने योजिलेल्या पाककला-मेळाव्यात केलेले भाषण)



स्वयंपाकघरातील विषयावर बोलण्यासाठी आमची निवड व्हावी, याचे आपणापैकी अनेकांना नवल वाटले असेल. आम्हांलाही वाटले. आमची हयात केंद्र सरकारच्या नोकरीत गेली, पदवी बी. ए. ची, तीही इतिहास घेऊन. कागदावर टिपणी लिहावी, फाईल वर पाठवावी, वरून आलेली खाली पाठवावी, हा आमचा व्यवसाय. हाती झारा धरण्याचा अधिकार आम्हांस कोणी व केव्हा दिला, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो रास्तच ठरेल. परंतु ज्या प्रसंगाने हा झारा आमच्या हाती आला, तो सांगितल्यावाचून सॉसची कृती सांगणे अपुरे होईल. म्हणून आरंभी थोडे घरचे बोलतो, मग कृतीकडे वळतो.

आमची भिलाईस बदली झाली ती २००९ साली. रुआबांधा येथे भाड्याचे घर घेतले. पुढे आमच्या दोन बदल्या झाल्या, पण मुलीची शाळा आणि आमच्या सौ.ची शिक्षिकेची नोकरी यांमुळे बिऱ्हाड येथेच राहिले. २०१० साली वडील वारले आणि आई आमच्याकडे राहावयास आली. तिचे सारे आयुष्य सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात गेलेले. अंगावर नऊवारी पातळ, बोलणे घाटावरचे, हिंदीचा गंध नाही. भिलाईला लोक लघुभारत म्हणतात ते खरेच आहे. आमच्या एकाच गल्लीत तेलुगू, बंगाली, मल्याळी, ओडिया, बिहारी आणि पंजाबी कुटुंबे राहत होती. सात भाषांच्या त्या गजबजाटात आमची आई मात्र मुकी झाली होती. सकाळी नऊला आम्ही कचेरीत, सौ. शाळेत, नात शाळेत. आणि आई खिडकीत. आम्ही संध्याकाळी परतलो की ती विचारी, "आज कोणाशी बोललास?" तेव्हा तो प्रश्न आम्हांला विचित्र वाटे. आज त्याचा अर्थ कळतो. ती स्वतः दिवसभर कोणाशीही बोललेली नसे.

एके दिवशी सौ. तिला रुआबांध्याच्या बाजारात घेऊन गेली. तेथे भाजी विकणारी एक छत्तीसगढी बाई आईकडे पाहून म्हणाली, "ले दाई, पताल ले ले." आई जागीच थबकली. घरी येऊन तिने आमच्याकडे रीतसर तक्रार गुदरली. एक तर ती बाई भाजीच्या बाजारात पातळ विकते म्हणते आणि दाखवते टोमॅटो; आणि दुसरे म्हणजे मला दाई म्हणते! मी काय तिची बाळंतपणे केली?

आम्ही दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या शिपायाकडे चौकशी केली. त्याने हसत हसत खुलासा केला. छत्तीसगढीत टोमॅटोला पताल म्हणतात आणि दाई म्हणजे आई. हा खुलासा आम्ही घरी सादर केला, तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नाही. पुढच्या बाजाराला मात्र ती आपण होऊन निघाली. त्या दिवसापासून त्या दोघींची जी गट्टी जमली ती शेवटपर्यंत टिकली. एक बोले मराठी, दुसरी बोले छत्तीसगढी. मध्ये दुभाषा म्हणून टोमॅटो.

बंधुभगिनींनो, टोमॅटोने दुभाषाचे काम करावे यात आश्चर्य नाही, कारण तो स्वतःच सर्वत्र परका. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज डोंगररांगांच्या मुलखातला हा रहिवासी. त्याची लागवड मेक्सिकोत फोफावली आणि पोर्तुगिजांच्या गलबतांबरोबर तो आपल्याकडे आला. ज्या मिरचीवाचून आपल्याला मराठी जेवणाची कल्पनाही करवत नाही, तीही त्याच वाटेने आलेली. आपल्या लोकांनी या नवख्या फळाला कोठे बेलवांगे म्हटले, कोठे भेदरे म्हटले, विदर्भात तो टमाटर झाला. आमच्या बंगाली शेजाऱ्यांच्या घरची वृद्ध मंडळी त्याला विलायती वांगेच म्हणत असत. म्हणजे जेथे गेला तेथे त्याने नवे नाव घेतले, पण आपला आंबटपणा सोडला नाही. परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याच्यापासून एवढे शिकण्यासारखे आहे.

आणि आपण तरी येथे अगदीच काल आलेले नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ साली या प्रांतात आल्या; पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून १७५८ ते १७८७ पर्यंत कारभार पाहिला. माधवराव सप्रे हे मराठी मातृभाषेचे गृहस्थ. १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले आणि हिंदी पत्रकारितेत मानाचे स्थान मिळवले. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार होऊन येथे पोलाद कारखान्याची उभारणी ठरली, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली, आणि मग देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. तलवार घेऊन आलेले, लेखणी घेऊन आलेले आणि डबा घेऊन पाळीवर जाणारे, अशा तीन तऱ्हांनी मराठी माणूस येथे रुजला. आमची आई चौथ्या तऱ्हेने रुजली, पाटा-वरवंट्याने.

आता सॉसकडे येतो. आमच्या कन्येला इतर मुलांप्रमाणे बाटलीतल्या सॉसची भारी आवड. पोळीला सॉस, पोह्यांना सॉस, थालिपिठालाही सॉस. आईला ते बघवेना. "काय ते गोडमिट्ट! यात मिरची कुठे आहे?" असे म्हणून तिने घरीच सॉस करण्याचा घाट घातला. सौ.जवळ कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' होतीच. १९७० साली निघालेल्या या पुस्तकाने किती मराठी मुलींच्या संसाराला परगावी हात दिला आहे, हे या सभागृहातील भगिनींना ठाऊक आहे. त्याच्याही आधी, १९१० साली, लक्ष्मीबाई धुरंधरांनी 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' लिहिले. पाककृती लिहून ठेवण्याची परंपरा आपल्यात आहे. परंतु आईला वाचनाची सवय नव्हती. सौ. तिला रीत सांगे, ती ऐकून घेई आणि सौ. शाळेत गेल्यावर आपल्या मनाने करी. तो सॉस लाल, तिखट आणि किंचित धुरकट चवीचा असे. मुलगी बोटे चाटी. गल्लीतल्या सर्व भाषांतून त्याला मागणी येऊ लागली, आणि वाटी द्यायच्या-घ्यायच्या निमित्ताने आईचे घरोघर जाणे सुरू झाले. तिची खिडकी सुटली.

एक चूक आमच्या हातून घडली, तीही सांगून टाकतो, कारण ती उपयोगाची आहे. आपल्या दुर्ग जिल्ह्यात, विशेषतः धमधा भागात, टोमॅटोचे पीक मोठे. हिवाळ्यात आवक वाढून भाव कोसळतो आणि कधी कधी शेतकऱ्यावर माल रस्त्यावर ओतण्याची पाळी येते. २०१२ च्या डिसेंबरात असाच स्वस्त माल पाहून आम्ही एक भरलेले क्रेट घरी आणले आणि वर्षाचा सॉस एकदम करण्याचा हुकूम सोडला. आईला व्हिनेगरचा वास आवडत नसे, तर व्हिनेगर गाळले. काटकसर म्हणून साखर निम्मी केली. जुन्या बाटल्या नुसत्या विसळून भरल्या आणि बुचे घट्ट ठोकली. मार्चच्या उकाड्यात एका दुपारी त्यांतली एक बाटली फुटली. भिंत लाल झाली. सुदैवाने घरात कोणी नव्हते. काच कोणाच्या डोळ्यात गेली असती तर जन्मभराचा पश्चात्ताप पदरी आला असता. आंबवणाऱ्या सूक्ष्म जीवांना आम्ही निवारा, अन्न आणि एकांत असे तिन्ही पुरवले होते. त्यातून जो वायू सुटला त्याने आमच्या काटकसरीचा हिशेब चुकता केला. आई एवढेच म्हणाली, "हुकमाने सैंपाक होत नसतो."

२०१९ च्या थंडीत आई गेली. तीन-चार महिन्यांनी, २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली. कन्या तेव्हा पुण्यास नोकरीला होती आणि एकटीच एका खोलीत अडकली होती. एके रात्री तिचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाली, "बाबा, आजीचा सॉस कसा करायचा? इथे टोमॅटो मिळतायत. मला नेमकं सांगा, मी लिहून घेते."

आम्ही गप्प झालो. ज्या माणसाने तीस वर्षे कचेरीत कोणतीही गोष्ट तोंडी चालू दिली नाही, 'लेखी आणा' हे ज्याचे ब्रीद, त्याच्या स्वतःच्या घरी नऊ वर्षे सॉस शिजत होता आणि त्याची एका ओळीचीही नोंद त्याच्यापाशी नव्हती. सौ.ने पुस्तकातली रीत सांगितली. मुलीने ती करून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "छान झाला, पण आजीचा नाही." ती हसून म्हणाली खरी, पण नंतर थोडा वेळ फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता.

त्या दिवसापासून आम्ही सॉस करावयास लागलो. हॉटेले बंद असल्याने टोमॅटो स्वस्त होते आणि आम्हांला वेळ होता. मिरची बदलली, लसूण वाढवला, दालचिनी काढली, पुन्हा घातली. प्रत्येक वेळी सौ. चमचा जिभेवर ठेवी आणि मान हलवी. काही तरी राहून जात होते. अखेर टाळेबंदी सैल झाली, बाजार भरू लागला आणि ती भाजीवाली बाई दिसली. तिला आईचे जाणे ठाऊक होते. आम्ही आमची अडचण सांगितली, तशी ती आमच्याकडे एखाद्या अडाणी मुलाकडे पाहावे तशी पाहून म्हणाली, "दाई ह दू-चार ठन पताल ल भूंज के डारत रिहिस."

म्हणजे आई थोडे टोमॅटो भाजून घालीत असे! छत्तीसगढी घरांत पताल निखाऱ्यावर भाजून, हिरवी मिरची, लसूण आणि कोथिंबीर घालून सिलेवर वाटतात. ती चटणी बासीबरोबर, चील्याबरोबर खातात. आईने ती रीत त्या बाईकडून उचलली आणि आपल्या सॉसात मिसळली. पुस्तकात ती असणार कशी? आम्ही 'आईच्या हातची, आपल्या गावची चव' म्हणून जी शोधत होतो, ती अर्धी रुआबांध्याच्या बाजारातली निघाली.

आता कृती सांगतो. भगिनींनी लिहून घ्यावी. बंधूंनी तर अवश्य घ्यावी.

पूर्ण पिकलेले, लालबुंद, घट्ट गराचे टोमॅटो १ किलो. लांबट जातीत पाणी कमी असते, म्हणून सॉस लवकर आटतो. सुक्या मिरच्या १२: त्यांतल्या ८ ब्याडगी, रंगासाठी, ४ लवंगी, तिखटासाठी. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी लवंगी दोनच घ्याव्यात. लसणाच्या १२ पाकळ्या, आल्याचा एक इंच तुकडा, एक लहान कांदा, साखर १०० ग्रॅम, मीठ दोन लहान चमचे, व्हिनेगर चार मोठे चमचे. शिवाय चार लवंगा, सहा मिरे आणि दालचिनीचा छोटा तुकडा, हे स्वच्छ पातळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधावे.

सुक्या मिरच्यांची देठे काढून त्या पाव तास गरम पाण्यात भिजत घालाव्यात. टोमॅटो धुऊन, देठाकडचा कठीण भाग काढून टाकावा. त्यांपैकी तीन-चार टोमॅटो आणि लसूण गॅसच्या आचेवर जाळीवर, अथवा कोरड्या लोखंडी तव्यावर, साल काळी पडेपर्यंत भाजावेत. काळी साल बरीचशी काढावी, थोडी राहू द्यावी. उरलेल्या टोमॅटोंचे तुकडे, कांदा व आले कुकरमध्ये घालून तळाशी दोन-तीन चमचेच पाणी घालावे; टोमॅटो स्वतःच पाणी सोडतो. मंद आचेवर एक शिटी पुरे. कुकर आपोआप निवू द्यावा. मग हे सर्व, भाजलेले टोमॅटो व लसूण आणि भिजलेल्या मिरच्या मिक्सरवर बारीक वाटाव्यात. गरम असताना वाटू नये. वाफेने झाकण उडते आणि तिखट डोळ्यात जाते. वाटलेले चाळणीतून गाळून घ्यावे म्हणजे साली व बिया मागे राहतात.

हा रस रुंद तोंडाच्या स्टीलच्या कढईत घ्यावा. ॲल्युमिनियम किंवा कल्हई नसलेले तांब्यापितळेचे भांडे घेऊ नये. आंबटाने धातू उतरतो. पुरचुंडी सोडून, साखरेचा तिसरा हिस्सा घालून मोठ्या आचेवर, सतत ढवळत आटवावा. भांडे रुंद असेल तर वीस-पंचवीस मिनिटांत काम होते. झटपटपणाचे सगळे रहस्य भांड्याच्या रुंदीत आहे. रस दाट होत आला की पुरचुंडी पिळून काढावी, उरलेली साखर व मीठ घालावे. मीठ आरंभी घातले तर रंग फिका पडतो. व्हिनेगर सर्वांत शेवटी. आधी घातले तर वाफेबरोबर उडून जाते आणि ज्या कामासाठी घातले ते होत नाही. त्यानंतर दोन-तीन मिनिटे उकळी द्यावी.

सॉस झाला की नाही, हे ताटलीने ओळखावे. थेंब गार ताटलीवर टाकावा. त्याच्याभोवती पाण्याचे कडे सुटले तर आणखी आटवावा, न सुटले तर उतरवावा. एका किलोत सुमारे ४०० ग्रॅम सॉस होतो. बाजारात कोठे कोठे भोपळ्याचा गर व रंग घालून वजन वाढवितात. ४०० ग्रॅम पाहून वाईट वाटले तर ही गोष्ट आठवावी.

फार तिखट झाला तर पाणी घालू नये. भाजलेल्या आणखी एका टोमॅटोचा रस व थोडी साखर घालून पुन्हा उकळावा. मिरचीचा हात डोळ्याला लावू नये. आधी तेलाने, मग साबणाने धुवावा.

साठवणीविषयी, फुटलेल्या बाटलीला साक्षी ठेवून सांगतो. काचेच्या बाटल्या पंधरा-वीस मिनिटे पाण्यात उकळून, निथळून कोरड्या कराव्यात. गरम बाटलीत गरम सॉस भरावा, वर थोडी जागा सोडावी. टोमॅटोचा आंबटपणा जातीप्रमाणे कमी-अधिक असतो. त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहता येत नाही, म्हणून व्हिनेगर. फ्रिजमध्ये हा सॉस तीन आठवडे उत्तम राहतो. बाहेर तीन-चार दिवसांपलीकडे ठेवू नये. कारखानदार सोडियम बेंझोएट घालतात. कायद्याने त्याची कमाल मर्यादा घालून दिली आहे. किलोभराच्या घरगुती सॉसास त्याची गरज नाही. संपला की पुन्हा करावा. बुरशी दिसली तर वरची काढून खाली खाऊ नये. सगळी बाटली टाकावी. आणि वर्षाचा एकदम करू नये, भाव कितीही पडलेला असो.

ही कृती आम्ही मुलीला पाठवली. तिने केली. फोनवर तिने चमच्याचा आवाज ऐकवला आणि एवढेच म्हणाली, "हो, हाच."

आता समारोप. आपल्या मंडळाचा सुवर्णमहोत्सव होत आहे. पन्नास वर्षांत आपण गणपती बसवले, नाटके केली, संक्रांतीचे हळदीकुंकू चुकवले नाही. त्या सर्वांची छायाचित्रे आहेत, इतिवृत्ते आहेत. परंतु आपल्या घरांत जे शिजले त्याची नोंद कोठे आहे? येथे आलेल्या मराठी गृहिणींनी खानदेशचे, कोकणचे, वऱ्हाडचे पदार्थ येथल्या भाजीत, येथल्या तांदळात, शेजारणींच्या रीतींत मिसळून जे काही नवे केले, ते कोणत्याही पुस्तकात नाही. ते करणाऱ्या अनेकजणी ऐंशीच्या घरात आहेत. त्या अजून आपल्यात आहेत.

म्हणून आमची एक सूचना आहे. ती अनुमोदनार्थ सादर करतो. मंडळाच्या कार्यालयात एक जाड वही ठेवावी. प्रत्येक कुटुंबाने तीत घरची एक कृती लिहावी, मापासह. 'अंदाजे', 'चवीपुरते' असे शब्द शक्य तो टाळावेत. मुलाबाळांना अंदाज वारशाने मिळत नाही. आणि ती रीत कोणाकडून शिकलो, हेही लिहावे, मग ती व्यक्ती कोणत्याही भाषेची असो. पहिले पान आम्ही भरून आणले आहे. त्यावर कृतीखाली दोन नावांची जागा आहे: एक आमच्या आईचे, आणि दुसरे त्या भाजीवालीचे. तिला नाव विचारावयास गेलो तेव्हा ती म्हणाली, "का करबे नाव? दाई ह मोला बाई कहत रिहिस." नावाने काय करणार, तुमची आई मला बाईच म्हणत असे. तेव्हा तेवढेच लिहिले आहे.

मेजावर सॉसची बाटली आणि बटाटेवडे ठेवले आहेत. बाटली उकळून घेतलेली आहे, याची आम्ही लेखी हमी देतो.